तिकडच्या कॉलेजचं नावही घ्यायचं नाही? (अमेरिकन कॉलेज फुटबॉलची वैरं)

नेरळची_मैना

प्रश्न सरळ आहे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधलं वैर नेमकं किती खरं असतं? आणि तुमच्या कॉलेजची मंडळी बाकीच्या कॉलेजांकडे कशी बघतात?

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. नवरा अॅन आर्बरचा, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीचा. मी शिकले पुण्यात, त्यामुळे या भांडणात माझी बाजू कुठलीच नाही. यंदा लेकीने ओहायो स्टेट निवडलं. विषय हवा तो मिळाला, स्कॉलरशिप आहे, कोलंबस, म्हणजे कॉलेजचं गाव, गाडीने तीन-साडेतीन तासांवर. आम्ही पेढे वाटले. शेजारच्या आजोबांनी पेढा घेतला, तिचं तोंडभरून कौतुक केलं, पण 'तिकडे खाली' यापलीकडे कॉलेजचं नाव काही घेतलं नाही. नवऱ्याने जाहीर केलंय की फी भरीन, सामान पोचवीन, पण त्यांचा टी-शर्ट अंगात घालणार नाही.

आता यातलं हसण्यावारी किती न्यायचं? नवरा तिथे एमएसला होता, तेही सगळं लॅबमध्ये गेलं. आपले पणजोबा धोतराला काष्टा घालायला शिकत होते तेव्हाचं हे वैर, या गृहस्थांनी कधी अंगाला लावून घेतलं?

भारतातल्या वाचकांसाठी: हा हेल्मेटवाला फुटबॉल. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर, मुख्यतः शनिवारी. खेळाडू विद्यार्थी असतात आणि अॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात १,०७,६०१.

बकाय

ताई, लेकीचं अभिनंदन! पोरगी योग्य घरी येतेय.

नाव न घेण्याचं खापर मात्र आमच्या माथी. वुडी हेज हे १९५१ ते १९७८ आमचे, म्हणजे ओहायो स्टेटचे, कोच. ते 'मिशिगन' हा शब्द उच्चारत नसत, 'ती वरची टीम' म्हणत. मिशिगनमधून परतताना पेट्रोल संपत आलं तरी तिथे भरायचं नाही, वेळ पडली तर हद्दीपर्यंत गाडी ढकलत नेऊ, असं ते म्हणाल्याची गोष्ट कोलंबसमध्ये प्रत्येक नव्या पोराला ऐकवली जाते. खरीखोटी देव जाणे, पण ऐकवली जातेच.

मॅचच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल टेपची फुली बसते. आमचं डिपार्टमेंट त्या आठवड्यात 'एकॅनिकल इंजिनिअरिंग' असायचं. आमचे कोरियन प्रोफेसर पहिल्या वर्षी टेप काढायला गेले होते, सेक्रेटरीबाईंनी त्यांना हाताला धरून परत आणलं.

आणि सोन्याची चड्डी! मिशिगनला हरवलं की संघातल्या प्रत्येकाला सोन्याची इवलीशी चड्डी मिळते, साखळीत ओवता येईल एवढी. १९३४ साली नवीन आलेल्या कोचला मिशिगनबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून चड्डी चढवतात. तेव्हापासूनची प्रथा.

हुच्च

सोन्याची चड्डी!! हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे लग्नात आहेर म्हणून सुरू करायला हरकत नाही.

बाकी ज्या खेळात चेंडू हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणणाऱ्यांची आपसात भांडणं होणारच.

अक्कलदाढ

मूळ भांडण खेळाचं नाहीच, जमिनीचं आहे. आपल्या मंडळींना हे पटकन कळेल. १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रांत एकमेकांसमोर माणसं घेऊन उभे राहिले. लढाई अशी झाली नाही, पण नकाशे दोघांचे वेगळे होते. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि १८३७ साली मिशिगनला राज्याचा दर्जा मिळताना नुकसानभरपाई म्हणून वरचा द्वीपकल्प पदरात पडला. तेव्हा सगळे म्हणाले, हे काय बर्फ नि झाडं दिली. नंतर तिथे तांबं आणि लोखंड निघालं.

पहिली मॅच १८९७ ची, मिशिगन ३४-०. पण आज जो विखार दिसतो तो १९६९ ते १९७८ या दहा वर्षांतला. १९६९ साली बो शेम्बेकलर मिशिगनचे कोच झाले. हे बो म्हणजे वुडी हेजचेच चेले! त्यांच्या हाताखाली खेळलेले आणि पुढे कोलंबसमध्ये त्यांचे सहायक असलेले. आल्या आल्या पहिल्याच वर्षी त्यांनी लागोपाठ २२ मॅच जिंकून आलेल्या गुरूच्या संघाला २४-१२ असं लोळवलं. दहा वर्षांचा हिशेब: चेला ५, गुरू ४, एक बरोबरीत. ती १९७३ ची १०-१० बरोबरी तर आणखी भारी. रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या मॅचला कोण जाणार हे मतदानाने ठरलं, ओहायो स्टेट गेलं, आणि मिशिगनची म्हातारी मंडळी त्या मतदानाबद्दल अजून कालच झाल्यासारखं बोलतात.

वुडींची अखेर वाईट झाली. १९७८ च्या डिसेंबरात गेटर बोल या मॅचमध्ये त्यांनी समोरच्या संघाच्या खेळाडूला ठोसा मारला आणि नोकरी गेली. बो १७ नोव्हेंबर २००६ ला गेले. दुसऱ्याच दिवशी कोलंबसमध्ये मॅच होती, पहिल्या क्रमांकाचा संघ विरुद्ध दुसऱ्या क्रमांकाचा. ओहायोच्या स्टेडियमने त्यांच्यासाठी शांतता पाळली. मग ओहायोने ४२-३९ ने हरवलं.

चिंचपोकळीकर

सगळं छान आहे, पण जरा पैशाचंही बोला. हे वैर आज टीव्हीवाले विकतात आणि युनिव्हर्सिट्या विकू देतात. ज्या दिवशी वैरापेक्षा जास्त पैसा दुसरीकडे दिसला त्या दिवशी वैर गुंडाळून ठेवलं. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट एका राज्यातली सख्खी शेजारीण कॉलेजं, त्यांची दरवर्षीची मॅच २०२३ नंतर बंद, कारण एकाने लीग बदलली. स्टॅनफर्ड आणि बर्कली २०२४ पासून 'अटलांटिक किनारा' नावाच्या लीगमध्ये खेळतात. पॅसिफिकच्या काठावर बसून! लॉस एंजेलिसची दोन्ही कॉलेजं मिडवेस्टच्या लीगमध्ये गेली. कसली परंपरा घेऊन बसलात.

टेक्सासचा_टग्या

@चिंचपोकळीकर, अर्धं सहमत. आमचं तर तेरा वर्षं बंद पडलं होतं. मी टेक्सास ए अँड एमचा. आम्ही २०१२ साली लीग बदलली, २०११ च्या थँक्सगिव्हिंगला ऑस्टिनवाल्यांशी (म्हणजे टेक्सास युनिव्हर्सिटीशी) शेवटची मॅच, शेवटच्या किकवर २५-२७ ने हरलो. नंतर सरळ ३० नोव्हेंबर २०२४. तीही आमच्याच मैदानावर ७-१७ ने हरलो. तेरा वर्षं खेळलो नाही तेव्हा टीव्हीला काही विकता येत नव्हतं, पण आमच्या युद्धगीतात त्यांच्या बैलाची शिंगं कापायची ओळ प्रत्येक मॅचला म्हणतच होतो, समोर कुणीही असो. दुकानदाराने शटर ओढलं होतं तरी गिऱ्हाइक रांगेत उभं होतं, याचं काय करायचं?

आम्ही त्यांना लिहिताना 'टीयू' लिहितो, तेही लहान लिपीत. देवनागरीत तो अपमान करायची सोयच नाही, म्हणून इथे ऑस्टिनवाले सुखी आहेत.

आता जरा गंभीर. आमच्याकडे ऑस्टिनच्या मॅचआधी विद्यार्थी प्रचंड होळी रचायचे. १९०९ पासूनची प्रथा. ओंडके स्वतः तोडून आणायचे, रात्रपाळीने रचायचे. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास पाच हजार ओंडक्यांचा तो डोलारा कोसळला. १२ जण गेले, २७ जखमी. मी बऱ्याच नंतर आलो, पण स्मारकाला प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा तरी जातोच. तिथे बारा कमानी आहेत, प्रत्येक कमानीचं तोंड त्या त्या मुलाच्या गावाकडे.

आठ दिवसांनी मॅच झाली. ऑस्टिनच्या पोरांनी आपली दरवर्षीची आम्हाला शाप द्यायची सभा रद्द करून दोन्ही कॉलेजांची मिळून मेणबत्त्यांची सभा घेतली होती. मध्यंतरात त्यांचा बँड मैदानात आला, प्रार्थना आणि शोकधून वाजवली, डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मॅच आम्ही २०-१६ ने जिंकलो. त्या काळातला आमचा कुणीही माजी विद्यार्थी घ्या, स्कोअर चुकेल पण टोप्या काढल्याचं सांगताना थांबेल. आणि पुढच्याच वाक्यात त्यांना शिव्या घालेल. ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

नेरळची_मैना

@टग्या, हे माहीतच नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही गप्प झाला.

सोनचाफा

ऑस्टिनकर हजर. टग्या, टोप्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं.

पण खरं सांगू? आमच्याकडे ए अँड एम हा धाकट्या जावेसारखा विषय. राग खरा तो ओक्लाहोमावर. ऑक्टोबरात डॅलसला राज्याची जत्रा भरते आणि जत्रेच्या मधोमध कॉटन बोल स्टेडियम. तिकिटं बरोबर निम्मी निम्मी. मैदानाच्या मधल्या, पन्नास यार्डांच्या रेषेवर स्टेडियम सुरीने कापल्यासारखं दिसतं, इकडे सगळं भगवट केशरी, तिकडे सगळं किरमिजी. बाहेर पडलं की दोन्हीकडचे एकाच रांगेत कॉर्न डॉग घ्यायला. हरलेला मागे उभा असेल तर जिंकलेला काहीच बोलत नाही, फक्त सावकाश मोहरी सॉस लावत बसतो. ते जास्त झोंबतं.

टेक्सासचा_टग्या

'धाकटी जाऊ' म्हणे! तुमच्या स्वतःच्या गाण्यात ए अँड एमला गुडबाय करायची ओळ आहे, ती कुणासाठी ठेवलीय? ज्याची पर्वा नाही त्याचं नाव गाण्यात घालतं का कुणी?

सोनचाफा

चालीत बसतं म्हणून. हलके घ्या.

हिरवा_चाफा_पांढरा

मिशिगन स्टेट. या धाग्यात इतका वेळ आमचं नाव आलं नाही यातच सगळं आलं.

आम्ही अॅन आर्बरपासून तासाभरावर. आमच्यासाठी वर्षातली मॅच ती, त्यांच्यासाठी ओहायोच्या आधीची तालीम. २००७ ला आम्हाला हरवल्यावर त्यांच्या माइक हार्टने पत्रकारांसमोर आम्हाला 'धाकटा भाऊ' म्हटलं. त्यानंतर २००८ ते २०११ धाकट्या भावाने ओळीने चारदा धुतलं. आणि २०१५! दहा सेकंद उरलेली, ते पुढे, चेंडू फक्त लाथाडायचा होता, तो हातातून निसटला, आमच्या पोराने उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपार. २७-२३. एक लाखाहून जास्त माणसं एकदम गप्प कशी होतात ते मी त्या स्टेडियममध्ये ऐकलंय. मैनाताईंच्या यजमानांना नमस्कार सांगा.

नेरळची_मैना

सांगितला. ते म्हणाले, २०१५ नावाचं वर्ष झालंच नाही.

मिसळपंत

मला तर हे वाचून पुरुषोत्तम करंडक आठवला. भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' सुरू झालं की समोरचं कॉलेज शत्रूच. आम्ही स.प.चे. फर्ग्युसनच्या एकांकिकेला टाळी वाजवली म्हणून माझ्याशी मित्र दोन दिवस बोलला नव्हता. त्यालाही एकांकिका आवडली होती, हे त्याने पुढे लग्नात सांगितलं.

चिंचपोकळीकर

पंत, आवाज कुणाचा म्हणणाऱ्यांचे कोच कोट्यवधी डॉलर घेत नव्हते.

मिसळपंत

आमच्या दिग्दर्शकाला वडापावसुद्धा आम्हीच द्यायचो. मुद्दा मान्य.

गोदाकाठ

पर्ड्यू. आमची कथा करुण आहे. शत्रू इंडियाना, ट्रॉफी म्हणजे विहिरीवरची ओक लाकडाची बादली. हो, बादली. १९२५ पासून. दरवर्षी जिंकणाऱ्याच्या अक्षराची एक कडी साखळीला जोडतात, आमचा 'पी', त्यांचा 'आय'. पहिलीच मॅच ०-० झाली म्हणून पहिल्या कडीत दोन्ही अक्षरं.

आम्ही त्यांना म्हणायचो, तुम्ही बास्केटबॉल खेळा, फुटबॉल तुमचं काम नाही. २०२४ ला त्यांनी ६६-० मारलं. सहासष्ट! माझा इंडियानातला मित्र, मूळ नाशिकचा, त्याने रात्री व्हॉट्सअॅपवर नुसता बादलीचा फोटो पाठवला. ना मजकूर, ना स्मायली.

ट्रॉफ्यांवर एक वेगळा धागा निघेल. मिनेसोटा आणि मिशिगन मातीच्या रांजणासाठी भांडतात. १९०३ साली मिशिगनच्या कोचला मिनेसोटाच्या पाण्याचा भरवसा नव्हता म्हणून त्याने तिथल्या दुकानातून ३० सेंटला पाण्याचा रांजण आणवला. मॅच ६-६ झाली, गोंधळात रांजण तिथेच राहिला. परत मागितला तर म्हणाले, जिंकून न्या.

अक्कलदाढ

आणि आयोवा-मिनेसोटाचं डुक्कर. पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. १९३४ साली आयोवाच्या ओझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिनेसोटाच्या पोरांनी इतकं आदळलं की त्याला मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी मॅच आयोवात. तिथलं पब्लिक भडकलेलं, राज्यपालांचीही भाषा तापलेली. तेव्हा मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ओल्सन यांनी तार केली, एका डुकराची पैज लावू. वातावरण निवळलं, मिनेसोटा जिंकलं, आयोवाचं जिवंत डुक्कर ओल्सनसाहेबांच्या कचेरीत आणलं गेलं. पुढे त्याचा ब्राँझचा पुतळा केला, तीच ट्रॉफी. आता लोक डुक्कर उचलून नाचतात, सिमन्सचं नाव फार थोड्यांना माहीत असतं.

कणीस

इलिनॉय. आमच्याशी भांडायला कुणी येतच नाही. कॉम्प्युटर सायन्सचं नाव काढलं की सगळे मान डोलवतात, फुटबॉलचं काढलं की विषय बदलतात. ओहायो स्टेटशी आमची अधिकृत ट्रॉफी आहे, लाकडी कासव. पूर्वी जिवंत कासव असायचं. @बकाय सांगतील.

बकाय

कुठलं कासव?

कणीस

बघा.

शेवग्याची_शेंग

तुम्ही सगळे उत्तरेचे लोक अजून लहान आहात. मी अलाबामात, हंट्सव्हिलला. इथे नवीन माणसाला नाव, गाव यानंतरचा प्रश्न 'अलाबामा की ऑबर्न?' आम्ही म्हणालो, आम्ही मुंबई विद्यापीठाचे. शेजारीण म्हणाली, ते ठीक, पण अलाबामा की ऑबर्न? नवऱ्याने घाबरून ऑबर्न म्हटलं, तेव्हापासून आम्ही ऑबर्नचे. ती स्वतः अलाबामाची निघाली. आता शनिवारी तिच्या अंगणात त्यांचा झेंडा आणि आमच्या अंगणात तिनेच आणून दिलेला ऑबर्नचा.

मूळ प्रश्नातलं 'किती खरं असतं' याचं उत्तर आमच्याकडे आहे. ऑबर्न जिंकलं की गावातल्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायचे, अख्खं झाड पांढरं व्हायचं. २०१० ला अलाबामाच्या मैदानावर ०-२४ ने मागे पडून ऑबर्न २८-२७ ने जिंकलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि जानेवारीत रेडिओ कार्यक्रमात फोन करून स्वतःच सांगितलं. पकडला गेला, तुरुंगात गेला. झाडं वाचली नाहीत, २०१३ ला काढावी लागली.

पण झाडं वाचवायला पैसे गोळा करणाऱ्यांत अलाबामाचेही लोक होते. शेजारीण हे आवर्जून सांगते. आणि २०१३ च्याच नोव्हेंबरात तो प्रसिद्ध शेवटचा सेकंद आला. २८-२८, अलाबामाने लांबून गोलाची किक मारली, कमी पडली, ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने अगदी शेवटच्या रेषेमागे झेलली आणि मैदानभर पळत सुटला. ३४-२८. ते दृश्य लागलं की ती अजून चॅनेल बदलते.

हुच्च

झाडाला विष! आमच्या सोसायटीत पार्किंगवरून फार तर टायरची हवा काढतात.

तात्पुरता_आयडी

हार्वर्डवाल्यांना सगळे नावं ठेवतात, पण विनोद तिथले चांगले. २००४ ला येलची पोरं हार्वर्डचे कपडे घालून हार्वर्डच्या प्रेक्षकांत शिरली, कागद वाटले, 'इशारा केला की वर धरा, मोठं अक्षर दिसेल' असं सांगितलं. भल्याभल्या माजी विद्यार्थ्यांनी धरले. समोरून वाचलं तर मजकूर: आम्ही भिकार आहोत. आणि १९६८ ला शेवटच्या ४२ सेकंदांत १६ गुण करून हार्वर्डने २९-२९ बरोबरी साधली, त्यांच्या पोरांच्या वर्तमानपत्राचा मथळा होता, हार्वर्डने येलला २९-२९ ने हरवलं. शहाण्या माणसांनी असं भांडावं.

रानमेवा

@नेरळची_मैना, यजमानांनी हे कधी अंगाला लावून घेतलं, हा तुमचा प्रश्न राहूनच गेला. मी सांगतो, कारण मीही तसलाच, फक्त कोलंबसचा.

आपण येतो तेव्हा कॉलेजं रँकिंगने ओळखतो. कुणाची फंडिंग बरी, कुणाचा प्लेसमेंट चांगला. मिशिगन म्हणजे मला नकार आलेलं कॉलेज, एवढीच ओळख होती. पहिला सेमिस्टर मान वर करायला फुरसत नव्हती. नोव्हेंबरात लॅबमधल्या एकाने जादा तिकीट दिलं. थंडीने कान गेलेले, नियम कळत नाहीत, शेजारी सत्तरीच्या बाई. तिसऱ्या क्वार्टरला काहीतरी झालं आणि त्या बाईंनी मला मिठी मारली. त्या देशात आल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. बाहेर पडताना फोनवर आईला म्हणालो, 'आपण जिंकलो'. आई म्हणाली, आपण म्हणजे कोण?

आता 'आपण' म्हणायला लागलं की 'ते' लागतातच. इतका साधा मामला आहे. वैर आपलं नसतं, पण येण्याचं दार तेवढंच उघडं असतं.

चिंचपोकळीकर

हे पटलं. तरी कोचचा पगार मी विसरणार नाही.

सोनचाफा

रानमेवा, +१. पण एक बघा, ज्यांच्याशी भांडतो ते सगळे आपल्यासारखेच असतात. ए अँड एमवाल्याचं घर, गाडी, पोरांची शाळा, सगळं माझ्यासारखं. हार्वर्डचा मला राग नाही, त्यांच्याशी माझा संबंध येत नाही.

हिरवा_चाफा_पांढरा

म्हणूनच तर मिशिगनवाले आमच्याशी भांडायचं नाकारतात. भांडले तर सारखे ठरतील.

बकाय

आता २०२४ बद्दल कुणी बोलायच्या आत मीच बोलतो. ३० नोव्हेंबर, कोलंबस. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर, ते ६-५ असे रडतखडत आलेले. १०-१३ ने हरलो, सलग चौथ्यांदा. मग त्यांनी आमच्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायला आणला, हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, दोन्ही कॉलेजांना लाख लाख डॉलर दंड. ही गंमत नव्हती. वीस वर्षांची पोरं डोळे चोळत बसली होती आणि वर माझ्यासारखे चाळिशीचे बाप्ये ओरडत होते.

मग जानेवारीत आम्ही नॉत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेते झालो. ऑफिसात मिशिगनचा एक जण आहे. अभिनंदन करायला आला, हात मिळवला आणि म्हणाला, 'छान. नोव्हेंबरात काय झालं होतं?' विजेतेपद देऊन ती मॅच घेशील का, असं मला विचाराल तर नाही म्हणेन. पण लगेच नाही म्हणणार.

नेरळची_मैना

सगळ्यांचे आभार. व्यवहाराचं विचारते: नोव्हेंबरात मॅच कोलंबसला असेल तेव्हा लेकीकडे जावं म्हणतोय. नवरा निळा-पिवळा घालूनच येणार. पार्किंगमध्ये काही त्रास?

बकाय

काही होत नाही. दारू चढलेली पोरं ओरडतील तेवढंच. स्टेडियमपासून जरा लांब नदीपलीकडे गाडी लावा, सकाळी आठच्या आत. आमचा मराठी कंपू तिथेच असतो, दोन गाड्यांच्या डिक्कीत बटाटेवडे नि एक जण घरून पातेलंभर रस्सा आणतो. यजमानांना वडा मिळेल. चटणी मिळणार नाही.

कणीस

चटणी न देणं हे तणनाशकाच्या किती अलीकडे धरायचं?

शेवग्याची_शेंग

फार अलीकडे नाही.

गोदाकाठ

आर्मी-नेव्ही कुणीच कसं लिहिलं नाही? १८९० पासूनचं वैर. आधी एकमेकांचा बोकड नि खेचर पळवण्यापर्यंत मजल, आणि मॅच संपली की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांचं कॉलेजगीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. म्हणून तिथे 'जिंका' म्हणत नाहीत, 'दुसरे गा' म्हणतात. पाच-सहा महिन्यांत त्यातली कित्येक पोरं एकाच देशाच्या नोकरीवर जायची असतात.

अटलांटाचा_अण्णा

उशिरा आलो, पूर्ण धागा वाचला. बादली झाली, डुक्कर झालं, कासव झालं, जॉर्जिया टेकचं नाव नाही! इथे निम्मे मराठी इंजिनिअर आमच्याकडून निघालेत आणि एकाला बोलावंसं वाटलं नाही?

२९ नोव्हेंबर २०२४, अथेन्स, समोर जॉर्जिया युनिव्हर्सिटी. मध्यंतराला आम्ही १७-० ने पुढे. त्यांनी गाठलं. मग जादा वेळ. एक नाही, आठ. आठव्यात ४२-४४ ने हरलो. रात्र बरीच झाली होती, बायको झोपली, पोरं झोपली, मी टीव्हीचा आवाज बंद करून सोफ्याची उशी चावत होतो. यांना म्हणे चटणीची चिंता.

बकाय

अण्णा, जॉर्जियाचे लोक तुम्हाला शत्रू मानतात की फ्लोरिडाला?

अटलांटाचा_अण्णा

हा प्रश्न विचारायचा नसतो.